मुदतीची हुंडी : आपल्या राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

अध्यक्षमहाशय, मंडळाचे आजी-माजी पदाधिकारी आणि काशीक्षेत्री पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो,

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मला चार शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. काल याच व्यासपीठावर नाट्यसंगीत झाले, उद्या कीर्तन आहे. मध्येच राज्यघटनेवरील व्याख्यान म्हणजे पंक्तीत श्रीखंडामागून काढ्याचा पेला फिरावा, तसेच काहीसे झाले आहे. परंतु काढाही घरच्या माणसाच्याच हातून घ्यावा, अशी आपली रीत आहे. म्हणून धीर करून उभा राहिलो आहे.

विषयाला एका जुन्या, आपल्या पूर्वजांच्या परिचयाच्या वस्तूपासून आरंभ करतो. ती वस्तू म्हणजे हुंडी. पेशवाईच्या काळात दक्षिणेतून काशीयात्रेस निघालेला शहाणा गृहस्थ सारी रोकड कनवटीला बांधून निघत नसे. वाट लांबची, रानावनाची आणि चोराचिलटांची. तो आपल्या गावच्या सावकाराकडे रक्कम भरी, त्याच्याकडून हुंडी लिहून घेई आणि येथे पोहोचल्यावर ती काशीच्या पेढीवर वटवी. हुंडीचे मुख्य प्रकार दोन. एक दर्शनी, म्हणजे पेढीवर दाखविताच पैसे मोजून मिळावयाचे. दुसरी मुदतीची, म्हणजे ठरलेली मुदत भरल्यावर पैसे मिळावयाचे. दोन्हींच्या मागे उभी असे ती पेढीची पत. हुंडी न पटता परत फिरली, तर यात्रेकरूचे नुकसान होई हे खरेच. पण पेढीचे त्याहून मोठे नुकसान होई, कारण तिची पत जाई.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेने नागरिकांच्या हाती अशा दोन प्रकारच्या हुंड्या दिल्या आहेत, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असे. तिसऱ्या भागातील मूलभूत हक्क या दर्शनी हुंड्या. कोणी आपणांस बेकायदा अटक केली किंवा धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून राज्याने भेदभाव केला, तर न्यायालयाच्या दारी जाऊन हुंडी दाखवावी. न्यायालय ती वटविण्यास बांधलेले आहे. चौथ्या भागातील, म्हणजे ३६ ते ५१ या अनुच्छेदांतील तत्त्वे या मुदतीच्या हुंड्या. घटनेच्या अधिकृत मराठी पाठात त्यांना 'राज्य धोरणाची निदेशक तत्त्वे' म्हटले आहे; बोलण्यात आपण त्यांना मार्गदर्शक तत्त्वे म्हणतो. स्त्रीपुरुषांना समान कामाबद्दल समान वेतन, कामगाराला निर्वाहापुरते वेतन, ग्रामपंचायतींची उभारणी, काम मिळण्याचा व शिक्षणाचा अधिकार, म्हातारपणी व आजारपणी साहाय्य, लोकांच्या पोषणमानाची काळजी, न्यायसंस्थेची कार्यकारी सत्तेपासून फारकत, स्मारकांचे रक्षण, राष्ट्राराष्ट्रांतील शांतता, असा हा विस्तीर्ण पट आहे.

सदतिसाव्या अनुच्छेदात मात्र घटनाकारांनी एक अट लिहून ठेवली. ही तत्त्वे न्यायालयाकरवी अमलात आणता येणार नाहीत. तथापि देशाच्या कारभारात ती मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. पहिले अर्धे वाक्य वाचणाऱ्याला निराश करते आणि दुसरे त्याला जबाबदार करते. या दोन अर्ध्यांमधील ताण हाच आजच्या माझ्या बोलण्याचा विषय आहे.

ही कल्पना आपण आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेवरून घेतली. घटना समितीत तिच्यावर टीका करणारे थोडे नव्हते. प्राध्यापक के. टी. शहा यांनी या तत्त्वांची तुलना बँकेला सवड असेल तेव्हाच वटणाऱ्या धनादेशाशी केली. त्यांना हवी होती ती दर्शनी हुंडी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेले उत्तर मननीय आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, निवडून कोण येईल आणि सत्ता कोणाच्या हाती जाईल हे लोक ठरवितील; परंतु जो सत्तेवर येईल त्याला आपल्या मनाप्रमाणे वागण्याची मोकळीक नाही. त्याला या आदेशांकडे पाहूनच चालावे लागेल. त्याने ते मोडले, तर न्यायालयात नव्हे, पण निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे त्याला जाब द्यावा लागेल. म्हणजे बाबासाहेबांनी या हुंडीची पेढी दाखवून दिली होती. ती पेढी म्हणजे मतदार, अर्थात तुम्ही आणि मी.

आता एका हुंडीची कथा सांगतो. पंचेचाळिसाव्या अनुच्छेदाची ही कथा आपल्या मराठी माणसांच्या फार जवळची आहे.

१९०५ च्या डिसेंबरात याच वाराणसी नगरीत राष्ट्रसभेचे एकविसावे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते अवघ्या ३९ वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले. रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी जन्मलेल्या या शिक्षकाने पुढे १६ मार्च १९११ रोजी केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. विधेयक अतिशय मवाळ होते. ६ ते १० वर्षे वयाच्या मुलांपुरते, तेही ज्या स्थानिक संस्थांची तयारी असेल त्यांच्याच क्षेत्रात. आणि ज्या पालकाची मासिक प्राप्ती १० रुपयांहून कमी, त्याच्याकडून फी घ्यावयाची नाही. १९ मार्च १९१२ रोजी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. ते फेटाळले जाणार हे गोखल्यांना ठाऊक होते. आपल्या पिढीने अपयशातूनच देशसेवा करावयाची आहे, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी त्या वेळी काढले.

ही मागणी त्यांच्याही आधीची होती. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले आणि निदान १२ वर्षे वयापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे असे सांगितले. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये बडोदे संस्थानच्या अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. १९१७ मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. एक समाजसुधारक, दोन राजे आणि एक नेमस्त राजकारणी. चौघांची प्रकृती भिन्न, पण हट्ट एकच.

स्वातंत्र्य दाराशी आले तेव्हा हा हट्ट पुरा होईल असे वाटणे स्वाभाविक होते. १९४७ साली मूलभूत हक्कांच्या उपसमितीने मोफत प्राथमिक शिक्षण न्यायालयात मागता येण्याजोग्या हक्कांत घातलेही होते. पुढे सल्लागार समितीने ते तेथून उचलून दुसऱ्या यादीत ठेवले. तरीही मसुद्यात 'प्रत्येक नागरिक हक्कदार आहे' अशा आशयाचे शब्द उरले होते. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी ते शब्दही गळाले आणि राज्य दहा वर्षांच्या आत १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करील, एवढे राहिले. सक्ती १४ वर्षांपर्यंतच का, याचे बाबासाहेबांनी दिलेले कारण आपण नीट लक्षात घ्यावे. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवू नये असे घटनेत दुसरीकडे म्हटले आहे. तर मग कामावर नसलेल्या मुलाने शाळेत असावयास हवे, असा त्यांचा सरळ युक्तिवाद होता.

साऱ्या मार्गदर्शक तत्त्वांत निश्चित मुदत घातलेले तत्त्व हे एकच. हुंडीची मुदत २६ जानेवारी १९६० रोजी भरली. त्या दिवशी ती वटली नाही. १९७० मध्ये वटली नाही, १९८० मध्येही नाही. अखेर १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, घटनाकारांनी दिलेल्या दहा वर्षांची चव्वेचाळीस वर्षे झाली याकडे बोट दाखविले आणि १४ वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. २००२ मध्ये शहाऐंशीवी घटनादुरुस्ती होऊन २१-क हा अनुच्छेद आला, २००९ मध्ये शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. गोखल्यांच्या विधेयकापासून हिशेब केला तर ९९ वर्षे झाली.

श्रोतेहो, या दिरंगाईचा दोष सरकारवर टाकून मी खाली बसलो असतो, तर व्याख्यान सुखाचे झाले असते. पण आज घरच्या माणसांत बोलतो आहे, म्हणून एक गोष्ट सांगणे मला प्राप्त आहे.

१९८४ च्या सुमारास मी एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवीत होतो. आमच्या घरी धुण्याभांड्यांस एक बाई येत असे आणि तिच्याबरोबर तिची दहा-एक वर्षांची मुलगी. आई भांडी घाशी, मुलगी विसळी. आमची ही तिला जुने कपडे देई, सणाला पुरणपोळी देई आणि आम्ही दोघेही स्वतःला उदार समजत असू. एके दिवशी सकाळी मी त्याच दिवशीच्या तासाची टिपणे काढीत बसलो होतो. मेजावर घटनेचे पुस्तक उघडे होते; पान पंचेचाळिसाव्या अनुच्छेदाचे होते. चहाचा कप उचलावयास आलेली ती मुलगी क्षणभर थांबली आणि पुस्तकाकडे पाहून तिने विचारले, "बाबूजी, एमें का लिखल हौ?"

मी म्हटले, "कानून."

ती कप घेऊन गेली. मी महाविद्यालयात गेलो आणि पंचेचाळीस मिनिटे पंचेचाळिसावा अनुच्छेद शिकविला. मुदत टळून चोवीस वर्षे झाली, हे शासनाला किती लांच्छनास्पद आहे, तेही मी आवेशाने सांगितले. घरापासून चार गल्ल्यांवर शाळा होती. तेथे जाऊन तिचे नाव घालावयास मला एक सकाळ पुरली असती. ती सकाळ मला काढता आली नाही. पुढे त्या मायलेकी वस्ती सोडून गेल्या. त्या मुलीने मला विचारले होते ते तिच्याच नावाने लिहिलेल्या हुंडीविषयी, आणि ती तिला वाचून दाखविण्याइतकेही मी केले नाही.

न वटलेल्या हुंडीची कथा ऐकविली. आता वटलेल्या हुंडीची ऐकवितो, म्हणजे निराशा उरणार नाही. हीही महाराष्ट्रातलीच आहे.

एकेचाळिसावा अनुच्छेद सांगतो की, आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत राज्याने काम मिळण्याच्या अधिकाराची तरतूद करावी. 'कुवतीच्या मर्यादेत' या शब्दांआड कोणतेही सरकार सुखाने लपू शकले असते. सांगली जिल्ह्यातील एक वकील व स्वातंत्र्यसैनिक, महाराष्ट्र विधान परिषदेचे अनेक वर्षे सभापती असलेले वि. स. पागे, यांनी ते लपू दिले नाही. काम मागेल त्याला काम, ही त्यांची कल्पना १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात प्रथम अजमावून पाहण्यात आली. नंतर १९७२ चा दुष्काळ पडला. आपल्यापैकी ज्यांची मुळे मराठवाड्यात किंवा नगर-सोलापूरकडे आहेत, त्यांना खडी फोडणारे ते हात आणि कामावर वाटली जाणारी ती सुकडी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून माहीत असेल. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या काळात रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली. १९७७ च्या कायद्याने तिला कायदेशीर आधार मिळाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. त्या कायद्याच्या मथळ्यातच एकेचाळिसाव्या अनुच्छेदाचा उल्लेख आहे.

पैसा कोठून आला, हे अधिक बोधप्रद आहे. १९७५ पासून महाराष्ट्रात व्यवसायकर लागला आणि त्याचे उत्पन्न या योजनेकडे वळविण्यात आले. तेवढीच भर राज्याने घातली. म्हणजे मुंबईतील कारकुनाच्या पगारातून कापलेल्या चार रुपयांतून बीडच्या मजुराचा पाझर तलाव उभा राहिला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळाले नाही तर बेकारी भत्ता, अशीही तरतूद होती. तो भत्ता क्वचितच मिळाला, हजेरीपटावर खोटी नावे लागली, कामे अर्धवट राहिली. हे सारे दोष खरे आहेत आणि ते झाकू नयेत. पण दुष्काळात गाव न सोडता, कोणाची याचना न करता, मजुरी हक्काने मागता येते, हे लाखो स्त्रीपुरुषांनी या योजनेत अनुभवले. २००५ साली संसदेने सबंध देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव त्याच्यापुढे होता. अशा कायद्यांची नावे आणि दिवसांची संख्या काळानुसार बदलत राहील; काम मागणाऱ्याला 'तुझा हक्क नाही' असे म्हणणे मात्र आता सोपे राहिलेले नाही.

न्यायालयांची दृष्टीही काळाबरोबर पालटली. १९५१ साली चंपकम दोराईराजन खटल्यात, मार्गदर्शक तत्त्वांनी मूलभूत हक्कांच्या खालीच राहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. १९८० साली मिनर्व्हा मिल्स खटल्यात पुण्याचे सुपुत्र, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी बहुमताच्या निकालात हे दोन भाग एकाच रथाची दोन चाके असल्याचा दृष्टांत स्वीकारला. एकाला सर्वस्व मानून दुसरे मोडले, तर रथ चालणार नाही. गरिबीच्या नावाने स्वातंत्र्य हिरावू नये आणि स्वातंत्र्याच्या नावाने गरिबी पोसू नये, असा त्याचा अर्थ मी समजतो.

या चाकाचा आवाज आपल्या घाटांवरही ऐकू आला आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने ४८-क हा पर्यावरणरक्षणाचा अनुच्छेद घातला गेला. १९८६ च्या जूनमध्ये गंगा कृती योजनेचा आरंभ याच वाराणसीत झाला. पुढच्याच वर्षी, एम. सी. मेहता या वकिलांच्या अर्जावर, सर्वोच्च न्यायालयाने कानपूरजवळच्या जाजमऊ येथील, सांडपाण्यावर प्राथमिक प्रक्रियाही न करणारे चामड्याचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला, आणि त्यात या अनुच्छेदाचा आधार घेतला. ज्या तत्त्वावर दावा लावता येत नाही, तेच दाव्याचे बळ झाले. तरी पंचगंगेवर पहाटे स्नानास जाणाऱ्याला विचारा; हीही हुंडी पुरती वटली आहे असे तो म्हणणार नाही.

आता मंडळाकडे वळतो. पन्नास वर्षे आपण गणपती बसविले, नाटके केली, वधूवरांच्या गाठी घातल्या, परगावाहून आलेल्या मराठी यात्रेकरूला दोन घास दिले. हे थोर कार्य आहे. घटनेने आपल्यासारख्या भाषिक अल्पसंख्यांचीही आठवण ठेवली आहे. १९५६ साली आलेला ३५०-क हा अनुच्छेद सांगतो की, अशा समाजातील मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी पुरविण्याचा प्रयत्न राज्याने करावा. तो हक्क आपण मागावा; पण आपल्या घरात नातवंडांशी मराठी बोलण्यास कोणत्याही अनुच्छेदाची वाट पाहण्याचे कारण नाही.

माझी एक सूचना आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने एक वही घालावी. प्रत्येक सभासदाने आपल्या घरी कामास येणाऱ्या बाईच्या, दुधाच्या भय्याच्या, घाटावरल्या नावाड्याच्या मुलांची नावे त्या वहीत लिहावी आणि प्रत्येक नावापुढे शाळेचे नाव लिहावे. जेथे रकाना रिकामा राहील, तेथे मंडळाच्या दोघा-तिघांनी जाऊन तो भरून आणावा. शिक्षणहक्काच्या कायद्यान्वये खासगी शाळांच्या प्रवेशवर्गात दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवल्या आहेत. पण अर्ज भरता न आल्याने कित्येक आईबाप दारातूनच परततात. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, कचेऱ्यांतून आयुष्य घालविलेले लोक आहेत. अर्ज भरणे ही विद्या आपणांस उत्तम येते! ३९-क अनुच्छेदानुसार गरिबाला मोफत कायदेशीर साहाय्यही मिळते. ते कोठे मिळते एवढे सांगणारा एक माणूस आठवड्यातून एक संध्याकाळ मंडळात बसला, तरी पुष्कळ होईल.

कोणी म्हणेल की, ही तत्त्वे राज्यासाठी आहेत, मंडळासाठी नव्हेत. ते खरे आहे. आपण वही घातली म्हणून सरकारची जबाबदारी कमी होत नाही. उलट रिकाम्या रकान्यांची वही हाती असलेला मतदार मत मागावयास आलेल्या उमेदवाराला अधिक नेमका प्रश्न विचारू शकतो. बाबासाहेबांनी ज्या जाबाची अपेक्षा धरली होती, तो असाच विचारला जातो.

काशीत येणारा मनुष्य देव, ऋषी आणि पितर यांची ऋणे फेडावयास येतो. यांपैकी कोणत्याही ऋणासाठी कोणी कोर्टात दावा लावीत नाही, तरी ते बुडवावे असे आपल्या मनात येत नाही. राज्यघटनेच्या चौथ्या भागातले देणे त्याच जातीचे आहे. मुदती टळल्या असतील, पण हुंड्या अजून आपल्या नावावर उभ्या आहेत.

ती मुलगी आज पन्नाशीला आली असेल. मंडळाएवढीच. वहीचे पहिले पान मंडळाने मला द्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.